धनुष्याची कोटी : अलंकार आणि आधार

धनुष्य म्हटले की नजर प्रथम जाते ती त्याच्या कमानीकडे, मग मुठीकडे आणि ताणलेल्या प्रत्यंचेकडे. टोकांकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. वस्तुतः लाकडी धनुष्याची खरी कसोटी लागते ती याच दोन टोकांवर. दोरीचा सारा ताण तिथल्या बोटभर रुंदीच्या जागेवर तोललेला असतो आणि बाण सुटतो त्या क्षणी धनुष्याचा सर्वाधिक वेगाने हलणारा भागही हाच असतो. आपल्याकडे या भागाला स्वतंत्र नावे होती, यावरून त्याचे महत्त्व लक्षात यावे. अमरकोशात धनुष्याच्या टोकाला ‘कोटि’ व ‘अटनी’ आणि हाताने धरण्याच्या मध्यभागाला ‘लस्तक’ असे शब्द दिलेले आहेत.

हाताने लाकडी धनुष्ये घडविण्याचा छंद गेल्या काही दशकांत अमेरिकेत व युरोपात नव्याने रुजला आहे. ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९९२ साली निघाला आणि चौथा २००८ साली. या छंदातील कारागीर धनुष्याच्या दोन्ही टोकांवर शिंगाचा, हाडाचा अथवा कठीण लाकडाचा लहानसा तुकडा चिकटवून त्याला सुबक आकार देतात. इंग्रजीत त्याला ‘टिप ओव्हरले’ म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला ‘कोटीपट्टी’ म्हणू. पाहणाऱ्याला ही केवळ नक्षी वाटते. प्रत्यक्षात ती भार वाहणारी नक्षी आहे. त्यामुळे ती आधी अचूक असावी लागते. सौंदर्य त्या अचूकतेच्या मागोमाग येते. कोटीपट्टीची निवड, जोडणी, आकार आणि तपासणी यांचा हा परिचय.

पाठ, पोट आणि खाच

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट. धनुष्याची लक्ष्याकडे असणारी बाजू म्हणजे पाठ आणि नेमबाजाकडे असणारी बाजू म्हणजे पोट. मुठीच्या वरचा व खालचा लवणारा भाग म्हणजे भुजा. धनुष्य ओढले की पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटावरचे दाबले जातात. लाकूड दाबाला थोडेफार नमते, पण ताणाखाली पाठीवरचा एखादा तंतू तुटला तर तिथून चीर उठून धनुष्य क्षणात मोडू शकते. म्हणूनच पाठीवरचे तंतू सलग ठेवणे हा धनुष्यकाराचा पहिला नियम मानला जातो.

दोरीचा फासा अडकविण्यासाठी टोकाजवळ खाच लागते. सर्वात सोपा मार्ग म्हणजे टोकाच्या दोन्ही कडांना गोल कानशीने खाचा पाडणे. अनेक देशांतील साध्या धनुष्यांना अशाच खाचा असतात आणि त्या उत्तम काम देतात. परंतु खाच पाडायची तर टोक पुरेसे रुंद ठेवावे लागते, आणि मऊ लाकडात दोरी हळूहळू रुतत जाऊन टोक चिरण्याचा धोका असतो. पाठीवर कठीण पदार्थाची पट्टी बसविली की खाचेची खोली मुख्यतः त्या पट्टीत घेता येते, मूळ लाकूड कमी कापावे लागते आणि टोक अधिक निमुळते करता येते.

आजच्या दोऱ्यांमुळे या पट्टीची गरज वाढली आहे. डेक्रॉनची दोरी थोडी लवचिक असते; बाण सुटल्यानंतरचा झटका ती काही अंशी पचवते. डायनीमासारख्या नव्या तंतूंची दोरी जवळजवळ ताणली जातच नाही. त्यामुळे तो झटका थेट टोकांवर येतो. अशी दोरी लावायची तर मजबूत टोके अपरिहार्य ठरतात.

शिंगाच्या टोपीची परंपरा

टोकाला कठीण पदार्थ जोडण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोज’ हे युद्धनौकांच्या ताफ्यातील जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा समुद्राबाहेर काढण्यात आला. त्यात यू वृक्षाच्या लाकडाची १३० हून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. त्यांच्या टोकांवर मूळ शिंगाच्या टोप्या होत्या. समुद्रतळाशी शिंग कुजून गेले, परंतु टोप्या जिथे बसविल्या होत्या तिथे लाकडाचा निमुळता आकार आणि निराळा रंग शिल्लक राहिला. शिंगातून आरपार जाऊन लाकडात उतरलेली एका बाजूची खाचही अनेक टोकांवर दिसते. विशेष म्हणजे रॉजर अ‍ॅस्कम यांचा ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षी, १५४५ मध्ये, प्रसिद्ध झाला.

इंग्लिश पद्धतीची टोपी आणि कोटीपट्टी यांत फरक आहे. टोपी करताना शिंगाच्या भरीव टोकात शंकूच्या आकाराचे छिद्र पाडतात आणि धनुष्याचे टोक पेन्सिलीसारखे तासून त्यात बसवितात. आजच्या टोप्यांत हे छिद्र सुमारे १२ ते १३ मिलिमीटर व्यासाचे असते. ब्रिटिश लाँग-बो सोसायटीच्या नियमांत अशी शिंगाची टोके आवश्यक मानली जातात. कोटीपट्टी मात्र टोकाला वेढत नाही. ती केवळ पाठीवर बसते. रुंद व चपट्या भुजांच्या अमेरिकी धनुष्यांना ती अधिक सोयीची पडते.

भारतीय परंपरेतही शिंग आणि धनुष्य यांचे नाते जुने आहे. विष्णूच्या धनुष्याचे ‘शार्ङ्ग’ हे नाव ‘शृंग’ म्हणजे शिंग या शब्दावरून आले. कौटिलीय अर्थशास्त्रात धनुष्याच्या साहित्याची यादी देताना ताड, बांबू व लाकूड यांच्याबरोबर शिंगाचाही निर्देश आहे. तिथले शिंग मात्र टोकाच्या सजावटीचे नसून धनुष्याच्या घडणीतले आहे, हा भेद ध्यानात ठेवावा. आपल्याकडील आदिवासींचा बांबूचा कामठा हीदेखील स्वतंत्र परंपरा होय. तिला कोटीपट्टीची गरज भासली नाही, कारण तिचे साहित्य, दोरी आणि उपयोग निराळे आहेत.

टोक हलके का असावे?

ओढलेल्या धनुष्यात साठलेली ऊर्जा सारीच्या सारी बाणाला मिळत नाही. तिचा काही भाग भुजांना पुढे ढकलण्यात खर्ची पडतो. भुजेचा मुठीजवळचा भाग फारसा हलत नाही. टोक मात्र सर्वाधिक अंतर सर्वाधिक वेगाने कापते. त्यामुळे मुठीजवळ वाढलेले दहा ग्रॅम वजन हाताला जाणवतही नाही, पण टोकावर वाढलेले तेवढेच वजन बाणाचा वेग कमी करते आणि मुठीत धक्का जाणवू लागतो. अमेरिकेत हिकमन, नॅगलर व क्लॉपस्टेग या संशोधकांनी धनुष्याच्या गतिशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास केला; त्यांचे लेखन १९४७ साली ‘आर्चरी : द टेक्निकल साइड’ या नावाने एकत्रित प्रसिद्ध झाले. अनुभवाने मात्र ही गोष्ट माणसाला फार पूर्वीच कळली असावी. डेन्मार्कमधील होल्मगार्ड येथे सापडलेल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एल्म लाकडाच्या धनुष्यांची टोके मधल्या भागापेक्षा स्पष्टपणे निमुळती आहेत.

आता कोटीपट्टीचा हिशेब पाहू. ४५ मि.मी. लांब, १२ मि.मी. रुंद आणि ८ मि.मी. जाड असा म्हशीच्या शिंगाचा तुकडा घेतला तर त्याचे वजन सुमारे साडेपाच ग्रॅम भरते. त्याच मापाचा शिसवीचा तुकडा पावणेचार ग्रॅमच्या आसपास असतो. लाकडी धनुष्याचा बाण साधारणतः २५ ते ३५ ग्रॅमचा असतो, हे लक्षात घेता हा भार थोडा नव्हे. घडवून पूर्ण झालेली पट्टी दीड ग्रॅमच्या आत बसावी, असे उद्दिष्ट ठेवावे. याचा अर्थ असा की चिकटविलेल्या तुकड्याचा बहुतांश भाग कानशीखाली भुकटी होऊन जायचा असतो. ज्याचा हात हे साहित्य काढून टाकताना कचरतो, त्याची पट्टी जाडजूड आणि बेढब राहते.

साहित्याची निवड

कोटीपट्टीसाठी पदार्थ कठीण, बारीक पोताचा आणि सहज न चिरणारा हवा. म्हशीचे शिंग यासाठी सर्वोत्तम समजले जाते. ते कानशीने सहज घासले जाते, त्याला आरशासारखी झिलई येते आणि काळा, करडा, मधाळ अशा छटा त्यात आढळतात. महाराष्ट्रात सावंतवाडी परिसरात आणि उत्तर प्रदेशात संभल येथे शिंगकामाची परंपरा आहे. शिंगाच्या कंगव्याला किंवा फुलदाणीला जी झिलई दिसते, तीच धनुष्याच्या टोकावरही मिळते.

मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन भिन्न पदार्थांना वापरला जातो. म्हशीचे शिंग नखासारख्या केराटिनचे, बुडाशी पोकळ व शेंड्याला भरीव असते. हरणाचे शिंग म्हणजे प्रत्यक्षात हाड. ते दरवर्षी गळून नव्याने उगवते. पाश्चात्त्य धनुष्यकार हरणाचे शिंग सर्रास वापरतात. भारतात मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे सांबर, चितळ आदी वन्य प्राण्यांच्या शिंगांचा व्यापार करता येत नाही. जंगलात गळून पडलेली शिंगेही त्यातून सुटत नाहीत. हस्तिदंताची तर गोष्टच नको. पाळीव म्हशीचे शिंग किंवा लाकूड हाच आपल्यासाठी योग्य मार्ग होय.

लाकडांमध्ये शिसवी, आबनूस, खैर यांसारखी घट्ट पोताची जात निवडावी. अमेरिकेत अक्रोड, मेपल, ओसेज ऑरेंज यांचा वापर अधिक. तुकड्याचे तंतू धनुष्याच्या लांबीला समांतर ठेवावेत. आडव्या तंतूंचा तुकडा खाचेपाशी सहज तुटतो. शिसवीसारख्या लाकडांत नैसर्गिक तेल असते. चिकटविण्यापूर्वी असा पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावा, अन्यथा सांधा कालांतराने सुटतो. शिसवीची आणि शिंगाची भुकटी श्वासाला व त्वचेला त्रासदायक असते, तेव्हा तोंडावर चांगला मास्क बांधूनच काम करावे.

सपाटी आणि सांधा

कोटीपट्टी देखणी दिसणार की नाही, याचा निर्णय बहुतेक वेळा तिला आकार देण्यापूर्वीच झालेला असतो. पट्टी व धनुष्य यांमधील सांधा केसासारखा बारीक असेल तर पुढचे काम शोभते. त्या सांध्यात चिकटद्रव्याची जाड रेघ दिसली तर नंतरची कोणतीही कारागिरी ती लपवू शकत नाही.

धनुष्याची लवण बऱ्याच अंशी जुळविल्यानंतर, परंतु टोके अखेरची निमुळती करण्यापूर्वी, पट्टी बसवावी. सुरुवातीला टोके १५ ते २० मि.मी. रुंद राखून कडांना तात्पुरत्या उथळ खाचा कराव्यात. दोरी मुठीच्या मध्यातून जाते का, हे पाहून टोक डावी-उजवीकडे तासण्यास त्यामुळे वाव राहतो. पुढे टोक ९ ते १२ मि.मी. पर्यंत अरुंद केले की त्या तात्पुरत्या खाचा आपोआप नाहीशा होतात.

पाठीवरचे तंतू कापू नयेत हा नियम वर सांगितला. त्याला टोकापाशी अपवाद आहे. शेवटचा चार-पाच सेंटीमीटरचा भाग लवत नाही, म्हणून तेवढ्याच भागातील पाठ सपाट करण्यास हरकत नसते. बांबूची पाठ लावलेल्या धनुष्यात तर बांबूची गोलाई आणि चकचकीत साल तिथे काढावीच लागते. मात्र ही सपाटी लवणाऱ्या भागात शिरता कामा नये. पट्टीचे मुठीकडील टोक लवणाऱ्या भागावर आले तर ताठ पट्टी आणि वाकणारे लाकूड यांचे जमत नाही. प्रत्येक ओढीबरोबर सांध्याची ती कड उचलली जाते आणि काही दिवसांत सुटते.

सपाटीसाठी जाड काचेच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पट्टीची खालची बाजू घासावी. घासताना हात डुलला तर मध्यभाग फुगीर होतो, म्हणून दाब मध्यावर ठेवून एकाच दिशेने घासणे चांगले. धनुष्याचे टोक रुंद, चपट्या कानशीने सपाट करावे. दोन्ही भाग कोरडेच एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरावेत. फटीतून प्रकाश दिसला की काम अपुरे आहे असे समजावे. दाब देऊन फट मिटते म्हणून समाधान मानू नये. दाब काढल्यावर तो ताण सांध्यात कायम राहतो.

चिकटविण्यासाठी दोन नळ्यांचे, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी सर्वात भरवशाचे. अ‍ॅरल्डाइट हे त्याचे आपल्याकडील परिचित उदाहरण. शिंग आणि लाकूड असे भिन्न पदार्थ ते चांगले जोडते. झटपट चिकटणारे सायनोअ‍ॅक्रिलेट अनेकजण वापरतात, पण त्याला अगदी अचूक सांधा लागतो आणि झटक्यांपुढे ते ठिसूळ ठरते. पांढरे लाकूडकामाचे चिकटद्रव्य लाकूड-लाकूड सांध्याला चालते, शिंगाला नाही. जुन्या कारागिरांचा सरस उत्तम जोड देत असे, पण दमट हवेत तो नरम पडतो, हे कोकणातील पावसाळा अनुभवलेल्यास सांगण्याची गरज नाही.

इपॉक्सी लावलेली पट्टी दाबताच निसरड्या फरशीवरल्यासारखी सरकते. यावर सोपा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती टोकाभोवती घट्ट गुंडाळणे. दाब चहूबाजूंनी सारखा मिळतो. मात्र तो बेताचा असावा. फार आवळले तर सारे इपॉक्सी बाहेर निघून सांधा कोरडा पडतो. मुठीच्या बाजूला पाठीवर चिकटपट्टी लावून ठेवली की बाहेर आलेले द्रव्य पाठीवर पसरत नाही. पूर्ण घट्ट होण्यास एक दिवस द्यावा.

रंगीत थरांची शोभा

नुसत्या काळ्या शिंगाचे टोकही देखणे दिसते. परंतु पुष्कळ कारागीर पट्टीखाली एक मिलिमीटरभर जाडीचे एक-दोन विरोधी रंगांचे थर घालतात : काळ्या शिंगाखाली फिकट मेपल, त्याखाली पुन्हा शिसवी. हे थर चिकटवितानाच एकमेकांना समांतर असावे लागतात. त्यानंतर पट्टीला मुठीच्या दिशेने उतार दिला की एकेक थर उघडा पडतो.

यामागील भूमिती साधी आहे. ४० मि.मी. लांबीत ६ मि.मी. उतार असेल, तर एक मि.मी. जाडीचा थर पृष्ठभागावर सुमारे साडेसहा मि.मी. रुंदीचा पट्टा होऊन दिसतो. उतार जितका मंद तितका पट्टा रुंद. पट्टीची वरची बाजू सपाट असेल तर या पट्ट्यांच्या सीमा आडव्या, सरळ रेषा होतात. वरची बाजू गोलसर केली तर त्याच रेषा मुठीकडे टोक असलेल्या जिभेसारख्या वळतात.

या रेषांचा शोभेखेरीज आणखी एक उपयोग आहे. त्या गवंड्याच्या पाणसळीसारखे काम करतात. जिभेचे टोक मध्यरेषेवर असेल तर दोन्ही बाजू सारख्या घासल्या गेल्या आहेत. ते डावीकडे कलले असेल तर डावी बाजू अजून उंच आहे, तिथे कानस चालवावी. डोळ्याला न जाणवणारा अर्ध्या मिलिमीटरचा फरक या रेषांमध्ये ठळकपणे दिसतो. एकरंगी पट्टीतील असमतोल झाकला जातो. थरांच्या पट्टीत तो झाकता येत नाही. म्हणून नवशिक्याने थरांची पट्टी लवकर करून पाहावी. हाताला शिस्त लावणारा असा दुसरा शिक्षक नाही.

आकार देण्याचा क्रम

सुबक पट्टीचे रहस्य हत्यारापेक्षा क्रमात अधिक आहे. सुरुवातीलाच सर्व बाजूंनी गोलाई देण्याचा मोह होतो आणि मग संदर्भासाठी एकही सरळ कड शिल्लक राहत नाही. तेव्हा पुढील क्रम पाळावा.

प्रथम मध्यरेषा. मुठीच्या मध्यापासून टोकापर्यंत दोरा ताणून पाठीवर पेन्सिलीने रेघ मारावी. पुढचे प्रत्येक माप या रेघेपासून दोन्ही बाजूंना घ्यावे. दुसरे, बाजूने दिसणारा आकार. पट्टीची उंची व मुठीकडील उतार चपट्या कानशीने काढावा. कानस गुण्याने तपासत धनुष्याशी काटकोनात राखावी. तिसरे, वरून दिसणारा आकार. दोन्ही कडा मध्यरेषेच्या दिशेने निमुळत्या कराव्यात. इथवर सर्व पृष्ठभाग सपाट आणि कडा धारदार असाव्यात.

त्यानंतर खाचा पाडाव्यात आणि गोलाई सर्वात शेवटी द्यावी. पट्टीचा मुठीकडील शेवट पाठीत विरघळून जावा. बोट फिरविले असता पायरी लागू नये. हा शेवटचा सेंटीमीटर कानशीने न करता ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने करावा, म्हणजे शेजारच्या पाठीवर ओरखडे येत नाहीत. यंत्राच्या पट्ट्यावर हे काम लवकर होते, पण शिंग तापले की करपल्याचा वास येतो, खाली इपॉक्सी मऊ पडते आणि सांधा दुबळा होतो. हात लावून पट्टी गरम वाटली की थांबावे.

खाचा : नजर आणि कोन

टोकापासून सुमारे १२ ते १५ मि.मी. अंतरावर पाठीवर आडवी रेघ मारावी. तिथून प्रत्येक बाजूला पोटाकडे आणि मुठीच्या दिशेने अंदाजे ४५ अंशांत तिरप्या रेघा काढाव्यात. दोरी चढविली असता फासा ज्या दिशेने ओढला जातो, तीच या रेघांची दिशा. आधी लहान त्रिकोणी कानशीने हलकी वाट करून मग तीन-चार मि.मी. जाडीची गोल कानस चालवावी. खाच पट्टीत सर्वात खोल, लाकडाच्या बाजूवर उथळ आणि पोटाशी पोहोचताना नाहीशी झालेली असावी. मूळ लाकडात दीड मिलिमीटरहून अधिक शिरण्याचे कारण नाही.

दोन्ही खाचा आलटून पालटून, प्रत्येकी चार-पाच घासांनी खोल कराव्यात. एक पूर्ण करून दुसरी तिच्याशी जुळवू पाहणाऱ्याच्या खाचा क्वचितच समान होतात. दोरी चढवून पाहिल्यावर ती मुठीच्या मध्यापासून थोडी सरकलेली दिसली, तर याच टप्प्यावर किरकोळ दुरुस्ती शक्य असते. फासा दोन्ही खाचांच्या तळांमध्ये बसतो. डाव्या खाचेचा तळ आत नेला की फाशाचा मध्य उजवीकडे सरकतो. म्हणजे दोरी उजवीकडे न्यायची असेल तर डावी खाच किंचित खोल करावी. ही दुरुस्ती एखाद्या मिलिमीटरपुरतीच. फरक त्याहून अधिक असेल तर दोष भुजेच्या पिळात आहे आणि तो तिथेच दूर करावा.

धनुष्य उतरविल्यावर वरचा फासा भुजेवरून खाली सरकावा लागतो, हेही विसरू नये. वरच्या टोकाची पट्टी फाशातून सहज पार होईल इतकीच रुंद असावी.

सफाई आणि तपासणी

खाचेच्या कडा कोवळ्या करणे हे सुरक्षिततेचे काम आहे. कापडी पाठीच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कापून ती बुटाला पॉलिश करताना फडके ओढतात तशी खाचेतून मागेपुढे ओढावी. नंतर कापसाचा बोळा खाचेतून फिरवावा. कापसाचा एकही तंतू अडकला तर तिथे धार शिल्लक आहे. ती धार दोरीचा एकेक धागा कापत राहते. दोरी पूर्ण ओढीत तुटली वा खाचेतून निसटली, तर बाणाविना सुटलेल्या धनुष्यासारखा सारा झटका भुजांवर येतो. धनुष्य मोडते आणि त्याच्या ढलप्या चेहऱ्याकडे येऊ शकतात.

पॉलिश पेपर ८० पासून क्रमाने १२०, २२० व ४०० असा बदलत जावा. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नये. शिंगाला याहून बारीक कागद आणि अखेरीस बफ लावला की झिलई चढते. शेवटी पट्टीसह सर्व टोकाला जवसाचे तेल किंवा वॉर्निश द्यावे. टोकाच्या आडव्या कापातून लाकूड सर्वाधिक ओलावा शोषते, म्हणून तिथे एक हात जास्तीचा द्यावा.

नवे टोक एकदम पूर्ण ओढीने तपासू नये. आधी दोरी चढवून तासभर तसेच ठेवावे आणि सांध्याच्या चारही कडा भिंगातून पाहाव्यात. मग थोड्या ओढीने वीस-पंचवीस वेळा ओढून, दोरी न सोडता परत आणावी. पुन्हा सांधा पाहावा. कुठे केसभर रेघ उमटली असेल तर पट्टी काढून नव्याने बसविणे हेच शहाणपण. वरून चिकटद्रव्य भरून फट मिटल्यासारखी दिसते, जोड मात्र होत नाही.

१९९१ साली आल्प्स पर्वतात हिमनदीत सापडलेल्या, इ.स.पू. ३३०० च्या सुमाराच्या ‘ओट्झी’ या मानवाजवळ यू लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते. त्याला दोरीच्या खाचा नव्हत्या. ते अपूर्ण मानले जाते. पाच हजार वर्षांपूर्वीही टोकाचे काम अखेरीस राखले जात असावे, असे यावरून वाटते. आजच्या धनुष्यकारालाही हा क्रम सोडता आलेला नाही. टोकावरची दीड ग्रॅमची पट्टी हे त्याच्या कामाचे सर्वात लहान अंग. पण सांधा मिटलेला, खाचा समान आणि वजन बेताचे असेल तर तिला शोभा वेगळी आणावी लागत नाही. जुने धनुष्य हातात आले तर त्याची टोके आवर्जून न्याहाळावीत. घडविणाऱ्याचा संयम किती होता, हे तिथेच कळते.